मेंदूचा लिम्फोमा: बायोप्सीआधी डेक्सा बंद का केलं?

कोरडी_विहीर
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. सासरे, वय ६८. गेले काही आठवडे वेगळेच वागत होते, दुखत खुपत काहीच नव्हतं पण गप्प गप्प, टीव्ही समोर चालू आणि बघत भिंतीकडे, हिशेबाला एकदम पक्का माणूस आणि साधी बेरीज जमेना. फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. मग चालताना डावीकडे झुकायला लागले, डोकं दुखायला लागलं, उलटी झाली तेव्हा एमआरआय केला. मेंदूत आत खोलवर दोन गाठी, रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलंय की लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची, शक्यता विचारात घ्यावी. इमर्जन्सीत डेक्सामेथासोन (डेक्सा, एक स्टिरॉइड) चालू केलं आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसला, सगळ्यांना नावाने हाका मारल्या. आम्ही खूश. तर न्यूरोसर्जन आले, फाइल बघून म्हणाले डेक्सा लगेच कमी करत बंद करायचं आणि सुईने बायोप्सी. माझे दीर भयंकर चिडलेत, की ज्या एका औषधाने बाबा बरे झाले तेच बंद, आणि गाठ काढायची सोडून नुसता तुकडा घेणार? घरात दोन तट पडलेत. कोणाला माहिती असेल तर प्लीज समजावून सांगा, मला दिरांना सांगता येईल अशा भाषेत.

जुना_निवासी
हिमॅटॉलॉजीत काम करतो. पेशंट न बघता सल्ला देणार नाही, पण सर्जनचं म्हणणं मला बरोबर वाटतंय, कारण सांगतो.

बाकीच्या ब्रेन ट्यूमरमध्ये स्टिरॉइडने फक्त भोवतालची सूज उतरते, गाठ तिथेच असते. लिम्फोमाच्या पेशी मात्र स्टिरॉइडने खरोखर मरतात. त्यामुळे डेक्सा दिल्यावर पेशंट झटक्यात सुधारतो आणि एमआरआयवर गाठ लहान होते, कधी कधी तर दिसेनाशीच होते. ऐकायला छान वाटतं पण हा परिणाम टिकत नाही, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गाठ परत येते, त्याच जागी किंवा दुसरीकडे. आणि मधल्या काळात बायोप्सी घेतली तर पॅथॉलॉजिस्टला काय मिळतं, तर मेलेल्या पेशी, त्या साफ करायला आलेल्या पेशी आणि बाकी सगळं निर्विशेष. रिपोर्ट येतो 'निदान करता येत नाही'. म्हणजे कवटीला भोक पाडून हाती काही नाही, आणि निदानाशिवाय कोणी किमो देणार नाही.

म्हणून एमआरआय बघून लिम्फोमाचा संशय आला तर शक्यतो आधी तुकडा, मग स्टिरॉइड. अपवाद एकच, पण मोठा: मेंदूवर दाब इतका वाढलाय की जिवाला धोका आहे, तर स्टिरॉइड द्यायचंच, तिथे बायोप्सीचा विचार करत बसायचं नाही. तुमच्या इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी दिलं त्यालाही नावं ठेवू नका, त्यांच्यासमोर उलट्या करणारा पेशंट होता.

चष्मेबद्दूर_नाही
वाचतेय. कोरडी_विहीर, काळजी घ्या.

आडगल्ली
जुना_निवासी, एक शंका. यांनी तर डेक्सा दिलंच आहे, मग आता संधी गेली का?

जुना_निवासी
नाही नाही, तसं अजिबात नाही. दोन-चार डोस झाले म्हणून बायोप्सी वाया जातेच असं नसतं, बऱ्याच जणांची पॉझिटिव्ह येते. साधारण असं करतात की स्टिरॉइड थांबवून शक्य तितक्या लवकर, ताजा एमआरआय काढून, गाठ अजून एमआरआयच्या इंजेक्शनचा रंग नीट पकडतेय का बघतात. पकडत असेल तर लगेच बायोप्सी. गायब झाली असेल तर मात्र थांबून, दर थोड्या दिवसांनी एमआरआय करून, परत उगवली की पकडायची. हा थांबण्याचा काळ नातेवाईकांचा अंत बघतो. आणि स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये हेही सांगून ठेवतो, जास्त दिवस चालू असेल तर उतरवतच आणावं लागतं, ते डॉक्टरच ठरवतील.

अजून एक, स्टिरॉइडने बरं वाटलं म्हणजे लिम्फोमाच, असंही सिद्ध होत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार, सार्कॉइड, यांच्या गाठीही स्टिरॉइडने उतरतात. म्हणून तुकडा लागतोच.

तीनताल
पण दिरांचा दुसरा प्रश्न राहिला की. उघडून पूर्ण गाठ का नाही काढत? माझ्या चुलत सासऱ्यांचा मेनिंजिओमा पूर्ण काढला, माणूस खणखणीत आहे.

जुना_निवासी
मेनिंजिओमा मेंदूच्या बाहेरच्या आवरणातून वाढतो, त्याला कड असते. हा लिम्फोमा रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने मेंदूभर पसरलेला असतो, एमआरआयवर पांढरी दिसते ती फक्त सगळ्यात दाट जागा. ती काढली तरी बाकीचा तिथेच. शिवाय याची आवडती जागा म्हणजे वेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या) कडा, मेंदूचे दोन्ही अर्धगोल जोडणारा पूल, खोलातला बेसल गँग्लिया, तिथे सर्जनने हात घातला तर माणूस बोलायचा चालायचा थांबेल. वरवर एकच गाठ असेल आणि ती फार दाब देत असेल तर काही ठिकाणी काढतात, त्यावर वाद आहेत. पण सासऱ्यांच्या खोल असलेल्या दोन गाठींसाठी सुईची स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी हाच रस्ता. डोक्याला फ्रेम लावून किंवा नेव्हिगेशनवर, संगणकाने मार्ग ठरवून बारीक सुई आत घालतात. रक्तस्राव, फिट येणे असे धोके आहेत पण उघड्या ऑपरेशनपेक्षा खूप कमी.

दिरांना एवढंच सांगा की हा सुरीने नाही, औषधाने बरा करायचा ब्रेन ट्यूमर आहे. आणि कुठलं औषध हे तुकडाच सांगणार.

सावळबाधा
माझ्या नवऱ्याचं डोळ्यापासून सुरू झालं होतं म्हणून लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायचे, धूसर दिसायचं, दुखायचं लाल व्हायचं काही नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी यूव्हिआयटिस (डोळ्याच्या आतली सूज) म्हणून स्टिरॉइडचे थेंब, मग गोळ्या, बरं वाटायचं, बंद केलं की परत. असं खूप दिवस चाललं. शेवटी एका रेटिनावाल्या बाईंना शंका आली, त्या म्हणाल्या या वयात पहिल्यांदाच, दोन्ही डोळ्यांत, आणि स्टिरॉइड सोडलं की परत, मला डोळ्याच्या आतलं पाणी तपासू दे. व्हिट्रेक्टमी केली, म्हणजे डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्राव काढला, आणि त्यात लिम्फोमाच्या पेशी. नंतर मेंदूचा एमआरआय केला तर तिथेही एक छोटी गाठ होती जिची काहीच लक्षणं नव्हती.

उलटही करतात म्हणे, मेंदूत सापडला की डोळे तपासायचेच, स्लिट लॅम्पने. तुमच्याकडे झालं का?

जुना_निवासी
फार महत्त्वाचं लिहिलंत. मेंदूचा लिम्फोमा असणाऱ्यांत साधारण १५ ते २५ टक्के लोकांच्या डोळ्यातही तो असतो, आणि पेशंटची तक्रार नसली तरी असू शकतो. शिवाय डोळ्यात पेशी सापडल्या तर कधी कधी मेंदूची बायोप्सी टाळता येते. तसंच पाठीतून पाणी (मेंदू-मणक्याभोवतीचं) काढून त्यात पेशी मिळाल्या तरी चालतं, पण ते बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, त्याच्यावर फार विसंबून राहू नका. हल्ली त्या पाण्यात इंटरल्युकिन १० हे प्रथिन आणि एमवायडी८८ नावाचं म्युटेशनही बघतात, त्याने संशय पक्का व्हायला खूप मदत होते. पण डोक्यात दाब खूप असेल तर पाठीतून पाणी काढणं धोक्याचं, ते एमआरआय बघूनच ठरतं.

कोरडी_विहीर
डोळ्यांचं नाही झालं, उद्या विचारते. थँक्यू. दिरांना वाचून दाखवलं, ते 'हं' म्हणाले, आमच्याकडे तो होकार असतो.

अजून एक गोष्ट, विचारायला संकोच वाटतोय. डॉक्टरांनी एचआयव्हीची टेस्ट लिहून दिलीये आणि अंडकोषाची सोनोग्राफी पण. सासूबाईंना एचआयव्ही वाचून धक्काच बसला, त्या सकाळपासून बोलत नाहीयेत. हे खरंच लागतं का?

मोडीलिपीतला
अहो आमच्याकडे पण हेच! वडिलांनी तर डॉक्टरांना तोंडावर विचारलं की डोक्याचा आजार आणि तुम्ही बघताय कुठे. हसलो होतो तेव्हाही.

जुना_निवासी
सासूबाईंना सांगा की ही टेस्ट मेंदूच्या लिम्फोमात सगळ्यांची होते, वय, स्वभाव, चारित्र्य न बघता. कारण असं की हा आजार दोन वेगळ्या प्रकारच्या लोकांना होतो. एक, ज्यांची प्रतिकारशक्ती अगदी खाली गेलीये, म्हणजे उपचार न घेतलेला एचआयव्ही, किंवा अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्यांवर असलेले. त्यांच्यात एपस्टीन-बार व्हायरसचा हात असतो आणि उपचारात प्रतिकारशक्ती परत उभी करणं हाही भाग असतो. त्यांच्या एमआरआयवर गाठ कडा चमकणारी आणि मध्ये पोकळ दिसते, टॉक्सोप्लाझ्मा किंवा टीबीच्या गाठीसारखी, चांगले चांगले फसतात. दुसरा गट म्हणजे सासऱ्यांसारखे, प्रतिकारशक्ती व्यवस्थित, वय साठीच्या पुढे, गाठ पूर्ण एकसारखी रंग पकडणारी. या गटात कारण सहसा सापडत नाही. तुम्ही काही केलं म्हणून किंवा नाही केलं म्हणून झालेलं नाही.

सोनोग्राफीचं कारण: अंडकोषातला लिम्फोमा मेंदूत जातो हे माहीत आहे. पेट स्कॅन, काही ठिकाणी बोन मॅरो, हे सगळं एवढ्यासाठीच की लिम्फोमा फक्त मेंदूतच आहे की शरीरात दुसरीकडून आलाय. दुसरीकडे असेल तर उपचार बदलतो. आणि हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाली का ते मात्र आवर्जून बघा, रिटक्सिमॅब (लिम्फोमावरचं अँटिबॉडीचं इंजेक्शन) द्यायचं असेल तर जुना झोपलेला बी जागा होऊन लिव्हर खराब करू शकतो, आधी कळलं तर गोळी देऊन रोखता येतो.

तीनताल
पण मानेत गाठ नाही, काखेत नाही, रक्त नॉर्मल, तरी लिम्फोमा? मला तर वाटायचं सीबीसीमध्ये दिसतंच.

मोडीलिपीतला
नाही दिसत. वडिलांचं सीबीसी एकदम स्वच्छ होतं. मेंदूतला मेंदूतच राहतो, बाहेर काही दिसतच नाही.

हिरवी_वाट_८
मी वेगळं मत मांडते. किमो घेऊन माणूस अर्धा होतो हे सगळ्यांना माहितीये. एका ठिकाणी पर्यायी उपचारांनी असे ट्यूमर विरघळवतात, व्यनि करा, पत्ता देते.

मोडीलिपीतला
ताई, राग मानू नका, पण हा आजार काही न करता सोडला तर हातात बहुतेक वेळा दोन-तीन महिनेच असतात. इथे प्रयोगाला वेळ नाही. आणि मेथोट्रेक्सेट (यातली मुख्य किमो) चालू असताना बाहेरचं काहीही पोटात गेलं की किडनीवर येतं, ते मी जवळून बघितलंय. पत्ता नको.

संपादक_मंडळाचा_शिपाई
व्यनिने पत्ते देणारे प्रतिसाद उडवले जातील. धागा विषयावर ठेवा.

कोरडी_विहीर
अपडेट: बायोप्सी झाली. फिट वगैरे काही नाही, एक छोटासा टाका. रिपोर्ट आला, डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. पेट स्कॅनमध्ये बाकी शरीरात काही नाही, डोळे स्वच्छ. एचआयव्ही अर्थात निगेटिव्ह, सासूबाई परत बोलायला लागल्यात. आता हाय डोस मेथोट्रेक्सेट म्हणालेत, रिटक्सिमॅब आणि सायटाराबिन सोबत. माझ्या मैत्रिणीच्या भावाला लिम्फोमा होता त्याला आर-चॉप ही लिम्फोमाची नेहमीची किमो दिली, घरीच राहून, यांना मात्र प्रत्येक वेळी अ‍ॅडमिट. असं का? जे कोणी यातून गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मीच थांबणार आहे त्यांच्याजवळ.

मोडीलिपीतला
आता हा माझा विषय. वडिलांच्या किमोच्या सगळ्या सायकलना (फेऱ्यांना) मीच होतो, लांबेल, सहन करा.

आर-चॉप मेंदूत पोचतच नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे तो बहुतेक किमो अडवतो. मेथोट्रेक्सेटही सहज जात नाही, म्हणून एवढा प्रचंड डोस देतात, चौरस मीटरला ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि तोही भराभर, दोन-तीन तासांत, म्हणजे रक्तातली पातळी एकदम वर जाऊन थोडं आत घुसेल. संधिवातवाले जे मेथोट्रेक्सेट आठवड्याला एकदा मिलिग्रॅममध्ये घेतात त्याच्या कैक पट. हा डोस जसाच्या तसा राहिला तर माणूस वाचणार नाही, म्हणून चोवीस तासांच्या आसपास ल्युकोव्होरिन सुरू करतात, ते निरोगी पेशींना वाचवतं. ल्युकोव्होरिनची वेळ चुकवायची नाही. आमच्याकडे रात्री दोनचा डोस असायचा, मी गजर लावून उठायचो आणि सिस्टरना जाऊन विचारायचो, त्या कंटाळल्या असतील पण कधी चिडल्या नाहीत.

हे औषध किडनीतून बाहेर जातं, आणि लघवी आम्लधर्मी असेल तर किडनीतच त्याचे खडे होतात. म्हणून आदल्या दिवसापासून सलाइनचा मारा आणि त्यात सोडाबायकार्ब. प्रत्येक लघवीचा पीएच पट्टीवर बघायचा, ७ च्या वर आला की औषध सुरू करतात, आणि नंतरही वर ठेवतात. औषध पिवळंधमक असतं, लघवीही तशीच होते, घाबरू नका. लघवी मोजायची, वजन सकाळ-संध्याकाळ. एवढं पाणी आत जातं की पाय सुजतात, मग लघवीचं इंजेक्शन. वयस्कर माणसाला रात्रभर उठावं लागतं आणि त्यातच पडण्याची भीती, तेव्हा युरिन पॉट जवळ ठेवा, मानापमान बाजूला. आमचे वडील आधी भांडले, मग सवय झाली.

मग रोज रक्तातली मेथोट्रेक्सेट लेव्हल. ०.१ मायक्रोमोलच्या खाली आली की सुट्टी, काही ठिकाणी ०.०५ पर्यंत थांबवतात. किडनीसाठी क्रिएटिनिन रोज. त्या लेव्हलची वाट बघणं हेच आमचं आयुष्य होऊन बसलं होतं.

आता खरं महत्त्वाचं, औषधं जी सोबत चालत नाहीत. पेनकिलर, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन हे सगळे. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, जी प्रत्येक पेशंटला न विचारता चालू असते. को-ट्रायमॉक्साझोल. पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक्स, पिपरासिलिनसकट. ही सगळी मेथोट्रेक्सेटला बाहेर जाऊ देत नाहीत. आणि छातीत किंवा पोटात पाणी साठलेलं असेल तर ते औषध तिथे दडून बसतं आणि हळूहळू झिरपत राहतं, त्यामुळे आधी ते पाणी आहे का बघायला सांगा. एका सायकलला आमच्या कागदावर पँटोप्राझोल तसंच छापून आलं होतं, वॉर्डातल्या फार्मसिस्टने पकडलं. त्यानंतर मी यादी वहीत लिहून उशाशी ठेवायचो.

जुना_निवासी
मोडीलिपीतला, तुमचा प्रतिसाद मी आमच्या नवीन पोरांना वाचायला देणार आहे. दोन गोष्टी जोडतो. लेव्हल उतरलीच नाही आणि किडनी बसायला लागली तर ग्लुकार्पिडेज नावाचं औषध असतं, ते रक्तातलं मेथोट्रेक्सेट कापून टाकतं, पण लवकर दिलं तरच उपयोग. दुसरं, को-ट्रायमॉक्साझोल हे न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी नेहमी देतो, आणि नेमकं तेच मेथोट्रेक्सेटला आडवं येतं, त्यामुळे मेथोट्रेक्सेटच्या आसपास ते थांबवतात किंवा दुसरं काही देतात. घरी उरलेली पाकिटं असतील तर प्रत्येक अ‍ॅडमिशनला दाखवा.

सदैव_शंकेखोर
बरं आता कोणी विचारत नाहीये म्हणून मीच विचारतो, वाईट दिसेल पण यश किती? आकडे द्या ना कोणीतरी, नुसतं 'बरं होतं' नको.

जुना_निवासी
वाईट काय त्यात. पण आकडे वाचताना कोणते पेशंट होते ते आधी बघा.

२००९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात ७९ पेशंट होते, निम्म्यांना एकटं मेथोट्रेक्सेट, निम्म्यांना त्यासोबत सायटाराबिन. गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण १८ वरून ४६ टक्क्यांवर गेलं. तेव्हापासून जोडी रूढ झाली. पुढे त्यात रिटक्सिमॅब आणि थायोटेपा घालून चार औषधांचं जे झालं त्याला मॅट्रिक्स म्हणतात. सात वर्षांनी बघितलं तर दोन औषधंवाल्यांत २१ टक्के हयात, चार औषधंवाल्यांत ५६ टक्के. पण हा अभ्यास ७० वर्षांपर्यंतच्या, बऱ्यापैकी धडधाकट लोकांचा होता. मॅट्रिक्समध्ये रक्तातल्या पेशी खूप खाली जातात, इन्फेक्शनने माणूस जाऊ शकतो, त्यामुळे ६८ व्या वर्षी सगळं द्यायचं, डोस कमी करून द्यायचं की साधं काही द्यायचं हे हृदय, किडनी, चालणं-फिरणं बघून ठरतं. सासऱ्यांना थायोटेपा वगळलंय ते बहुधा म्हणूनच. रिटक्सिमॅबचा या आजारात नक्की किती फायदा यावर अभ्यासांत एकमत नाही, तरी बहुतेक ठिकाणी देतात.

आकडे सोडा असं म्हणणार नाही, पण वय आणि आजारी पडण्याआधी माणूस किती हिंडता-फिरता होता, या दोन गोष्टी सगळ्यात जास्त फरक करतात.

सदैव_शंकेखोर
धन्यवाद. आणि रेडिएशन? मी वाचलंय की रेडिएशनने मेंदूच्या गाठी पटकन जातात.

सावळबाधा
जातात, पण नंतरचं विचारा ना. नवऱ्याच्या शेजारच्या बेडवरच्या आजोबांना पूर्ण मेंदूला रेडिएशन दिलं होतं. गाठ गेली, एक-दीड वर्षाने विसरायला लागले, पाय घासत चालायचे, लघवीचं कळायचं नाही. त्यांची मुलगी म्हणायची कॅन्सर गेला आणि बाबा पण गेले. आम्ही म्हणून नको म्हणालो, ट्रान्सप्लांट केलं.

आडगल्ली
पण ट्रान्सप्लांट हे प्रत्येकाला झेपणारं नाही सावळबाधा, उगाच रेडिएशनची भीती घालू नये असं मला वाटतं. माझ्या आईला ट्रान्सप्लांट शक्यच नव्हतं, किमोपण दोन सायकलनंतर किडनीने थांबवली, मग रेडिएशननेच तिला आमच्याबरोबर चांगला काळ मिळाला. ती शेवटपर्यंत आम्हाला ओळखत होती.

सावळबाधा
बरोबर आहे तुमचं. माझा रोख जिथे पर्याय आहे तिथे आधी विचारा, असा होता.

जुना_निवासी
दोघींचंही खरं आहे. पहिल्या किमोने गाठ गेली तरी तिथे थांबलं तर परत येण्याची शक्यता मोठी, म्हणून पक्कं करायला दुसरा टप्पा लागतो. तो एकतर पूर्ण मेंदूला रेडिएशन, किंवा स्वतःच्याच स्टेम सेल काढून ठेवून, थायोटेपा असलेली अतितीव्र किमो देऊन, त्या सेल परत घालणं. साठीपर्यंतच्या पेशंटमध्ये फ्रान्सला दोन्हींची तुलना झाली, ट्रान्सप्लांटवाल्यांत आजार परत येण्याचं प्रमाण बरंच कमी, पण एकूण किती जगले यात फारसा फरक नाही. फरक डोक्यात पडला, म्हणजे लक्ष, स्मरणशक्ती, चालणं हे रेडिएशनवाल्यांत जास्त बिघडलं. साठीच्या पुढे तर रेडिएशनचा हा त्रास आणखी दिसतो. कमी डोसचं रेडिएशन, किंवा वयस्करांत दुसरा टप्पा म्हणून नुसत्या गोळ्या, असेही मार्ग आहेत. ६८ ला ट्रान्सप्लांट नाहीच असं नाही, निवडक लोकांना देतात.

कोरडी_विहीर
पहिली सायकल झाली. मोडीलिपीतला, तुमची यादी प्रिंट करून फाइलच्या पहिल्या पानावर लावली, आणि खरंच पँटोप्राझोल चालू होतं, निवासी डॉक्टरांनी लगेच काढलं. लेव्हल वेळेत उतरली. सासरे परवा म्हणाले की कोणीतरी मला गेल्या महिन्यात काय काय झालं ते क्रमाने सांगा, त्यांना बरंचसं आठवतच नाहीये. सांगायचं का सगळं?

मोडीलिपीतला
सांगा, पण थोडं थोडं आणि तेच परत विचारलं तर परत. वडिलांना मी एक डायरी करून दिली होती, तारीख, काय झालं, कोण भेटायला आलं. सगळ्यात उपयोगी तीच पडली, कारण फोनवर कोणी 'आता कसं वाटतंय' विचारलं की ते त्यातून वाचून सांगायचे. आणि सह्या, बँकेची कामं, महत्त्वाचे कागद हे डोकं साफ असलेल्या दिवशी, त्यांना सगळं समजावून करून घ्या, पुढे ढकलू नका. डॉक्टर चिडचिडेपणा, झोप न येणं याचा दोष ट्यूमरला देतील, पण डेक्सानेही तसंच होतं, शुगर वाढते ती वेगळीच.

चष्मेबद्दूर_नाही
किमो संपल्यावर किती दिवसांनी निश्चिंत होता येतं? माझ्या मामेभावाला हाच आजार झाला होता, तो चार वर्षं व्यवस्थित आहे तरी एमआरआयला बोलावतात.

जुना_निवासी
परत यायचं असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येतो, पण उशिराही येऊ शकतो, म्हणून. साधारण पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. परत आला तरी रस्ते असतात. पहिल्या वेळी चांगला काळ गेला असेल तर मेथोट्रेक्सेट पुन्हा काम करतं, नाहीतर इब्रुटिनिब, लेनालिडोमाइड, टेमोझोलोमाइड अशा गोळ्या, काही केंद्रांत कार-टी (स्वतःच्याच पांढऱ्या पेशी बदलून परत देणं). इब्रुटिनिब घेताना सोबत स्टिरॉइड असेल तर बुरशीच्या इन्फेक्शनवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

कोरडी_विहीर
दुसरी सायकल परवा सुरू व्हायचीये. काल रात्रीपासून सासऱ्यांची डावी पोटरी सुजल्यासारखी वाटतेय, थोडी गरम. डावी बाजू आधीच कमजोर आहे म्हणून असेल, की सलाइनचं पाणी? सोमवारी ओपीडीत दाखवलं तर चालेल?

जुना_निवासी
सोमवार नाही, आत्ता जा. सलाइनची सूज दोन्ही पायांना येते. या आजारात पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचं प्रमाण खूप आहे, त्यात कमजोर पाय आणि पडून राहणं. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करायला सांगा. पोटरी चोळू नका, मसाज अजिबात नको. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर गाडी शोधत बसू नका, अ‍ॅम्ब्युलन्स.

कोरडी_विहीर
डॉपलर झाला, मांडीपर्यंत क्लॉट आहे. रक्त गोठू न देणारं हेपारिनचं इंजेक्शन सुरू केलं, बायोप्सी होऊन पुरेसे दिवस झालेत आणि नवीन सीटीत रक्तस्राव नाही म्हणून दिलं म्हणाले. धाप नाही. सायकल थोडी पुढे ढकललीये. दीर आज स्वतः रात्री थांबलेत.

जुना_निवासी
वेळेत गेलात. एकच आठवण, पुढे पाठीतून पाणी काढायचं ठरलं किंवा नवीन लाइन घालायची असली तर त्याआधी हे इंजेक्शन ठरावीक तास थांबवावं लागतं, आणि किमोने प्लेटलेट खाली गेल्या की डोस बदलतो. हेपारिन चालू आहे हे फाइलच्या त्याच पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, शेवटचा डोस कधी दिला त्या वेळेसकट.